विहिरीतलं पोहणं, हायब्रीड सायकल आणि गोव्याची ७०.३

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कोणासाठी आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. वय ४१, तासगाव तालुका, बँकेत नोकरी. दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, त्यातली चांगली वेळ २ तास ८ मिनिटं. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलात, पण टँकमध्ये दोन लेंथ (या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लेंथ) मारल्या की दम लागतो. घरी हायब्रीड सायकल आहे, सरळ हँडलची, रोजच्या वापराची. गोव्याची ७०.३, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायची ट्रायथलॉन शर्यत, करायची आहे आणि हातात साधारण दहा महिने आहेत. जमेल का, आणि सायकल कोणती घेऊ?

जमेल. आणि सायकल आत्ता घेऊ नका.

आता सविस्तर. मी कोल्हापूरचा, वय ५२. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हा मिरामारच्या वाळूत मीही उभा होतो. त्यानंतर तिथं पुन्हा गेलो, इथल्या राजाराम तलावावरच्या ट्रायथलॉन केल्या, आणि गेली काही वर्षं आसपासच्या नवख्यांना तयारीत मदत करतो. मी डॉक्टर नाही. जे लिहितोय ते स्वतःच्या आणि या मंडळींच्या चुकांमधून आलेलं आहे, आणि त्यातल्या बऱ्याच चुका माझ्याच आहेत.

अंतरं तुम्हाला माहीत असतील: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. मैलांत बेरीज ७०.३ होते, किलोमीटरमध्ये ११३. पूर्ण आयर्नमॅन नावाची शर्यत याच्या दुप्पट. (आमच्याकडे ७०.३ करून आलेल्याचाही ‘आयर्नमॅन’ म्हणून चौकात फ्लेक्स लागतो. लागू द्या, पण स्वतः तसं सांगत फिरू नका, पूर्ण केलेली माणसं मनातल्या मनात हसतात.) नेहमीची वेळेची मर्यादा अशी असते: पोहणं १ तास १० मिनिटांत, सायकल संपेपर्यंत सुरुवातीपासून साडेपाच तास, आणि शेवटची रेषा साडेआठ तासांत. त्या वर्षीची नियमपुस्तिका आली की हे आकडे तपासून घ्या, मार्गही बदलत असतो.

साडेआठ तास हा तुमच्यासारख्या माणसाला भरपूर वेळ आहे. मर्यादेत न बसल्यामुळे बाहेर पडणारे बरेच जण ताकदीत कमी पडलेले नसतात. सायकलवर उधळलेले असतात, नाहीतर पोटानं दगा दिलेला असतो. म्हणून मी या खेळाला हात राखून खेळायचा खेळ म्हणतो. पोहताना आणि सायकलवर जेवढं राखाल तेवढ्यावरच शेवटचे २१ किलोमीटर निघतात, आणि सगळी तयारी हे राखणं शिकण्याची आहे.

सुरुवात मात्र दवाखान्यापासून करा. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधले १९८५ ते २०१६ या काळातले अचानक मृत्यू, हृदय बंद पडण्याचे प्रकार आणि अपघाती मृत्यू अभ्यासकांनी गोळा केले. एकूण १३५ निघाले, त्यातले ९० पोहताना झालेले होते, आणि बहुतेक मध्यमवयीन पुरुष होते. सराव करणारेच लोक होते ते. तेव्हा ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, रक्तदाब आणि साखर एवढं करून घ्या. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना न विचारता सांगा. ‘मी रोज पळतो, मला काय होतंय’ हे वाक्य आमच्या ग्रुपमध्ये बोलायला बंदी आहे.

आता पोहणं. तुमची खरी अडचण इथंच आहे, आणि ती तुम्हाला वाटते त्यापेक्षा लहान आहे.

आपल्याकडची मुलं पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून विहिरीत शिकतात. त्याचा एक मोठा फायदा असतो, खोल पाण्याची भीती मोडलेली असते. शहरात टँकमध्ये शिकलेली चांगली चांगली माणसं, तळाच्या फरश्या दिसेनाशा झाल्या की कासावीस होतात. मिरामारला मांडवी समुद्राला मिळते, पाणी गढूळ असतं, स्वतःचा हातसुद्धा धड दिसत नाही. तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही. तोटा असा की विहिरीत आपण डोकं वर ठेवून पोहतो. डोकं वर म्हणजे कंबर खाली, कंबर खाली म्हणजे पाय त्याहून खाली, आणि मग अंग पाण्यात तिरकं होऊन स्वतःलाच ब्रेक लावत पुढं जातं. त्यात तोंड पाण्यात असताना तुम्ही श्वास कोंडून धरत असणार. तोंड वर आल्यावर सोडणं आणि घेणं दोन्ही एका क्षणात करायला गेलं की दुसऱ्या लेंथला छाती भरून येते. तुम्ही त्याला दम लागणं म्हणताय. हाफ मॅरेथॉन पळणाऱ्या माणसाला ५० मीटरमध्ये खरा दम लागत नसतो.

त्यामुळे पहिले तीन आठवडे अंतर मोजूच नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडानं संथ बुडबुडे सोडत राहा. मान बाजूला वळवून श्वास घ्या, पुन्हा बुडबुडे. कंटाळवाणं आहे, शेजारी पाचवीतली पोरं सपासप जात असतात, लाज वाटते. करा तरी. मग भिंतीला पायानं ढकलून, हात पुढं ताणून, नजर तळाकडं ठेवून नुसतं सरकायचं. मग एका कुशीवर राहून पाय मारायचे. नजर तळाकडं गेली की कंबर आपोआप वर येते, हे एकदा अंगाला कळलं की अर्धं काम झालं. हात मारायला त्यानंतर शिका. शक्य असेल तर सांगली-मिरजेत एखाद्या कोचकडे आठवड्यातून दोनदा जा. सायकलवर खर्च करायला निघालेला माणूस पोहण्याच्या शिकवणीला पैसे देताना का कचरतो ते मला अजून कळलेलं नाही. नवी सायकल तुम्हाला १०-१२ मिनिटं वाचवेल, पोहण्याचा कोच तुम्हाला मर्यादेच्या आत आणेल.

आकडे असे. १ तास १० मिनिटांत १.९ किलोमीटर म्हणजे दर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. २५ मीटरच्या टँकमध्ये हे अंतर ७६ लेंथ होतं. जुलैपर्यंत तुम्ही न थांबता १०० मीटरला २:४० च्या वेगानं १९०० मीटर पोहायला लागलात, म्हणजे ५०-५२ मिनिटांत, की पोहण्याची काळजी सोडून द्या. समुद्रात सरळ रेषेत कोणी पोहत नाही, नागमोडी जाऊन १०० ते २०० मीटर जास्तच होतात, ते या हिशेबात बसतं. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, तेवढी मदतही मिळते. वेटसूट, म्हणजे पोहण्याचा घट्ट रबरी पोशाख, घेऊ नका. गोव्याचं पाणी इतकं कोमट असतं की तो घालायला परवानगीच नसते.

उघड्या पाण्याचा सराव कुठं करायचा हा तुमच्या भागात नाजूक प्रश्न आहे. कृष्णेत एकट्यानं जाऊ नका. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात सुसरी आहेत हे तुम्हाला मी सांगायला नको. पावसाळ्यात तर नदीचं नावच काढू नका. आणि शेततळ्यात चुकूनही उतरू नका. तासगावकडं द्राक्षबागांमुळे जिकडंतिकडं शेततळी झालीत, पाणी स्वच्छ दिसतं, मोह होतो. पण प्लास्टिकच्या कागदावर हात-पाय ठरत नाहीत आणि पट्टीचा पोहणाराही काठाशी बुडतो. चार-पाच जणांचा ग्रुप, कमरेला नारिंगी फुगा आणि सोबत होडी किंवा निदान ट्यूब घेऊन काठावर माणूस, हे जुळत असेल तरच तलावात उतरा. ऑक्टोबरात समुद्र शांत झाला की एखादा शनिवार-रविवार मालवणला नाहीतर वेंगुर्ल्याला काढा, तिथल्या मच्छीमारांना विचारून. लाट तोंडावर आली तरी श्वास कसा चुकवायचा हे टँकमध्ये शिकता येत नाही. आणखी एक सवय लावा: दर आठ-दहा हातांनंतर फक्त डोळे पाण्याबाहेर काढून पुढचा बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) बघायचा, मगर बघते तसं. अख्खं डोकं काढलंत की पुन्हा विहिरीतलं पोहणं सुरू झालं समजा.

शर्यतीत पहिल्या २०० मीटरमध्ये छातीत धडधड होतेच. गोव्यात थोडे थोडे लोक पाण्यात सोडतात, त्यामुळे लाथाबुक्क्या कमी लागतात, पण लागतात. तेव्हा पाठीवर उलटं व्हा, दहा श्वास घ्या, पुन्हा सुरू करा. मदतीला असलेल्या कयाकला (छोट्या होडीला) धरून थांबायला परवानगी असते, फक्त पुढं सरकायला त्याची मदत घ्यायची नाही. खोकला थांबत नसेल किंवा थुंकीला गुलाबी रंग दिसला तर मात्र हात वर करून बाहेर या. शर्यत पुढच्या वर्षीही असते.

सायकलकडे येतो. हायब्रीडवर मेपर्यंत सराव करा. तोपर्यंत तुम्हाला कळेल की आपली मान दुखते, कंबर दुखते की तळहात बधिर होतात, आणि त्यावरून कोणती साइज, कोणती बैठक ते ठरेल. मग ओळखीच्या माणसाकडून जुनी पण चांगली ॲल्युमिनियमची रोडबाइक (खाली वळलेल्या हँडलची सायकल) घ्या, आणि वाचलेल्या पैशातून बाइक फिटिंग, म्हणजे सायकल आपल्या अंगाच्या मापाला जुळवून घेणं, करून घ्या. कार्बनची ट्रायथलॉन बाइक पहिल्या वर्षी घेणारे मी पाहिलेत. त्यातल्या निम्म्यांना पुढं झुकून २० मिनिटंसुद्धा बसता येत नाही. मागच्या चाकाची ट्यूब दहा मिनिटांत बदलता आली पाहिजे, घरात पंख्याखाली नाही, रस्त्याकडेला उन्हात. पायात अडकणारे पेडल घेतले तर पहिले चार दिवस गवतावर चालवा. सगळे एकदा पडतात, आणि शक्यतो सिग्नलला, लोकांसमोर.

पहाटेचा रस्ता नोव्हेंबर ते मार्च जपून. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागं लाल दिवा असेलच असं नाही, आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडून जाणारा ड्रायव्हर रात्रभर जागा असतो. उजाडल्याशिवाय हायवेला लागू नका. लुकलुकणारा मागचा दिवा दिवसाही चालू ठेवा. चढासाठी सागरेश्वरच्या घाटात फेऱ्या मारा. गोव्याच्या मार्गावर मोठे घाट नाहीत, पण पणजीच्या आसपासचे छोटे चढ फेऱ्यांमध्ये पुन्हा पुन्हा येतात आणि तिसऱ्या खेपेला तोच चढ दुप्पट वाटतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसानं बाहेर पडता येणार नाही, तेव्हा घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर, सायकल लावा. साधा दुसऱ्या हाताचा ट्रेनर चालतो. कंटाळा येतो, पण तासाभराचं पेडलिंग एका क्षणाचीही विश्रांती न घेता होतं, रस्त्यावर ते होत नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच आहे. २०१९ला मी ४८ मिनिटांत पोहून बाहेर आलो, स्वतःवर खूश. सायकलवर बसलो तर बाजूनं लोक सपासप जायला लागले. कोल्हापूरचं पाणी उसळलं. मी ९० किलोमीटर ३ तास १२ मिनिटांत मारले. सरावात कधी एवढा वेग नव्हता. धावायला लागलो, सहा किलोमीटर झकास गेले, नवव्याला दोन्ही मांड्यांत गोळे आले. उरलेलं अंतर बहुतेक चाललो. धावण्याला ३ तास ५ मिनिटं. एकूण ७ तास १८ मिनिटं, आणि शेवटी बायकोनं ‘फोटोत हसा तरी’ म्हटल्यावर रडायला आलं. करोनानंतर २०२२ला पुन्हा गेलो. पोहणं तेवढंच. या वेळी सायकलवर मुद्दाम ३ तास २८ मिनिटं घालवली, म्हणजे १६ मिनिटं जास्त. धावलो २ तास २१ मिनिटांत, म्हणजे ४४ मिनिटं कमी. एकूण ६ तास ४९ मिनिटं. तीन वर्षांनी म्हातारा होऊनसुद्धा.

तेव्हा सायकलवर कसोटी एकच ठेवा, कोणत्याही क्षणी शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. चढावरसुद्धा उभं राहून दामटायचं नाही, हलका गिअर टाकून पाय फिरवत राहायचे. लोक पुढं जातील. जाऊ द्या, त्यातले बरेचसे तुम्हाला धावताना परत भेटतील, चालत. तुमच्यासाठी ताशी २४-२५चा वेग पुरे. हिशेब करून बघा: पोहणं ५५ मिनिटं, कपडे-बूट बदलायला आठ-दहा, सायकल पावणेचार तास. पाच तासांच्या आत तुम्ही सायकल ठेवलेली असेल, मर्यादेला अर्धा तास शिल्लक.

एक नियम विसरू नका, कारण ग्रुपमध्ये चालवणाऱ्यांची सवयच उलटी असते. या शर्यतीत दुसऱ्याच्या मागं चिकटून त्याच्या आडोशानं वारा चुकवणं गुन्हा आहे. पुढच्याच्या पुढच्या चाकापासून तुमच्या पुढच्या चाकापर्यंत १२ मीटर अंतर लागतं. त्या पट्ट्यात शिरलात तर ठरलेल्या सेकंदांत ओलांडून पुढं जायचं, नाहीतर पाच मिनिटांची शिक्षा. डावीकडून चालवा, उजवीकडून ओलांडा. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्टँडवरच्या सायकलला हात लावायचा नाही. कानात इअरफोन नाही. एनर्जी जेलचं (ताकदीसाठी खायच्या गोड, घट्ट पाकाचं) रिकामं पाकीट रस्त्यावर टाकलंत तरी शिक्षा आहे, ती मला फार आवडते.

धावण्याबद्दल कमी सांगतो, ते तुम्हाला येतंय. नवीन फक्त एवढंच की सायकलवरून उतरल्यावर पाय आपले राहत नाहीत. पहिला किलोमीटर लाकडी ओंडक्यांवर पळल्यासारखा जातो. उपाय म्हणजे ब्रिक. दर रविवारी लांब सायकल झाली की गेटला सायकल टेकवून, बूट बदलून लगेच १५-२० मिनिटं पळायचं. घरात जाऊन चहा घ्यायचा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यातले तीन-चार ब्रिक मोठे करा, ७०-८० किलोमीटर सायकल आणि आठ-दहा किलोमीटर धावणं. गोव्यात तुम्ही धावायला लागाल तेव्हा साडेअकरा-बारा वाजलेले असतील. तासगावचं ऑक्टोबरचं ऊन कडक असतं पण कोरडं, घाम वाळतो आणि अंग थंड होतं. गोव्याच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, नुसता गळतो, आणि गळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून शेवटचे १०-१४ दिवस सरावाचा वेळ मुद्दाम अकरा-बाराला सरकवा, कमी तीव्रतेचा. शर्यतीत प्रत्येक पाण्याच्या टेबलाला चालत पाणी प्या, डोक्यावर ओता, बर्फ मिळाला तर टोपीत घाला. २ तास ८ मिनिटांचा धावणारा तिथं अडीच तासांत पळाला तर उत्तम झालं म्हणायचं.

आणि खाणं. लोक याला शेवटच्या आठवड्यात हात घालतात, तुम्ही जूनपासून घाला.

पहिलीवहिली आयर्नमॅन १९७८च्या फेब्रुवारीत हवाईत झाली. पंधरा जण उतरले, बारा जणांनी पूर्ण केली. धावणं सुरू झालं तेव्हा जॉन डनबार पुढं होता. त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला, डनबार अर्ध्या तासाहून जास्त मागं राहिला. तेव्हापासून या खेळात लोक पोटामुळे हरत आलेत.

सायकलवर तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, धावताना थोडं कमी. पावणेचार तासांचे झाले २२५ ग्रॅम. नेहमीच्या जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतं, मध्यम केळ्यात जवळपास तेवढंच. आणि तुम्ही तर बेदाण्याच्या गावचे! ३० ग्रॅम बेदाण्यात साधारण २४ ग्रॅम मिळतं, मुठीत मावतात, उन्हात विरघळत नाहीत. फक्त चावताना दम लागतो आणि दाताला चिकटतात, म्हणून ते सायकलच्या पहिल्या दोन तासांत खा, पाण्याबरोबर, बेतानं. शेवटी जेल. आमच्यातला एक जण गुळाचे खडे घेऊन जातो, त्याला ते मानवतं. तुम्हाला काय मानवतं ते फक्त तुमचं पोट सांगेल, आणि ते सांगायला त्याला १०-१२ रविवार लागतात. दर २० मिनिटांनी घड्याळाचा गजर लावून खायचं. भूक लागेपर्यंत थांबलात की उशीर झाला.

पाणी किती, हे स्वतःचं मोजा. सरावाच्या आधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. तासाभरात एक किलो कमी झालं आणि मध्ये अर्धा लिटर प्यायलात, तर दीड लिटर घाम गेला. सगळं भरून काढायची गरज नाही, पण निम्मं-पाऊण तरी जायला हवं, मिठासकट. नुसतं पाणी ढोसत राहणं कमी पिण्याइतकंच धोक्याचं आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते, मळमळतं, भ्रम होतो. अशा वेळी आणखी पाणी पाजणारे हितचिंतक भेटतात, त्यांना आवरा आणि वैद्यकीय तंबू गाठा. ओआरएस मिठासाठी चांगलं, पण लिटरमागं त्यात साखर फक्त साडेतेरा ग्रॅम असते, ऊर्जेसाठी त्यावर विसंबू नका. आणि गुडघा दुखू नये म्हणून सकाळीच वेदनाशामक गोळी घेणं बंद. अंगात पाणी कमी असताना त्या गोळ्या किडनीला महागात पडतात.

आठवडा कसा बसवायचा? बँकेतल्या माणसाला आठ ते दहा तास निघतात, त्याहून जास्तीचं स्वप्न बघू नका. तीन दिवस पोहणं, मंगळवारी-गुरुवारी पाऊण तास धावणं, शनिवारी तासभर सायकल किंवा ट्रेनर, रविवारी लांब सायकल आणि तिच्यामागं ब्रिक. एक दिवस पूर्ण सुट्टी, मार्चअखेरीला आठवडाभर सुट्टी, कारण तेव्हा तुम्ही रात्री कितीला घरी येता ते मला माहीत आहे. ताकदीसाठी जिम नसली तरी चालेल. आठवड्यातून दोनदा जोर-बैठका काढा, तालमीतल्या, पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका मात्र गुडघा बघून. शेवटचे दोन आठवडे सराव निम्म्यावर आणायचा. तेव्हा अंग आळसावतं, नको तिथं दुखतं, सगळं विसरल्यासारखं वाटतं. सगळ्यांचं होतं. त्या भीतीनं शेवटच्या रविवारी १०० किलोमीटर मारून येणारा एक तरी दर वर्षी असतोच.

तासगावातली माणसं ‘कशाला हा उपद्व्याप’ विचारतील. मिलिंद सोमणनं पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ला, झुरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत केली, तो आकडा सांगून ठेवा, थोडे दिवस शांतता मिळते. घरच्यांना मात्र आकडे सांगून भागत नाही. रविवारची दुपार त्यांच्यासाठी राखा आणि गोव्याला सोबत न्या.

आदल्या दिवशी सायकल ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे कपडे-बूट बदलायच्या जागेत, लावावी लागते. दुपारच्या उन्हात ट्यूब फुटू नये म्हणून हवा थोडी कमी करा आणि सकाळी पंप मागून भरा. तुमची सायकल कितव्या रांगेत, कोणत्या खांबाजवळ, ते पाण्याकडून चालत येऊन दोनदा बघून ठेवा. बाहेर आल्यावर डोकं चालत नाही, शेकडो सायकली सारख्याच दिसतात. काखेत, मांडीत व्हॅसलिन सढळ हातानं. नवीन काहीही घालू नका, शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये (प्रदर्शनात) घेतलेले मोजेसुद्धा. आदल्या रात्री गोव्याची मासळी समोर आली तरी वरणभातच. मासळी दुसऱ्या दिवशी रात्री.

आणि तिथंच मुक्काम करा. २०१९ला मी त्याच संध्याकाळी स्वतः गाडी काढली. आंबोलीच्या वळणावर क्लच दाबताना डाव्या पोटरीत असा गोळा आला की पाय पेडलवरून उचलेना, आणि मागं खच्चून भरलेली एसटी हॉर्न देत होती. तुमच्या बायकोला गाडी येते का? नसेल तर दहा महिने आहेत, तिलाही क्लास लावा.